चिप टाकलेल्या इनोव्हाला ‘मजबूत’ पट्टा नको, वेळेवर बदललेला पट्टा पाहिजे



आज राजकारण बाजूला ठेवतो आणि गाडीच्या एका रबरी पट्ट्यावर लिहितो. विषय मिस्त्री लोकांचा वाटेल, पण आहे आपल्या सगळ्यांचा. लेकराच्या अक्षराभ्यासाला बासरला जायचं असो, लग्नाला नांदेडला, नाहीतर पेशंट घेऊन रातोरात हैदराबादला. आपण भाड्याची इनोव्हाच सांगतो. त्या गाडीचा टायमिंग बेल्ट कधी बदललाय, हे मात्र कोणीच विचारत नाही.

सध्या पोरांमध्ये एक नवीन खूळ आहे. जुनी 2.5 डी-फोर-डी इनोव्हा सेकंडहँड घ्यायची, चिप टाकून पिकअप वाढवायचा, आणि मग “पॉवर वाढली, आता कंपनीचा बेल्ट टिकणार नाही” म्हणत ऑनलाइन केव्हलरचा महागडा पट्टा शोधायचा. माझं मत सरळ आहे : पैसा चुकीच्या जागी चाललाय.

का, ते सांगतो. टायमिंग बेल्ट चाकाला ताकद देत नाही. त्याचं काम एकच, क्रँक आणि कॅमशाफ्टचा मेळ ठेवायचा. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक. इंजिन 4000 आरपीएमवर असेल तर एकेक वॉल्व्ह सेकंदाला 33 वेळा उघडतो. पट्ट्यावर ताण येतो तो या वॉल्व्हच्या स्प्रिंगा दाबण्याचा आणि आरपीएमचा. चिपने डिझेल जास्त जातं, टर्बोचा दाब वाढतो, ताकद पिस्टन-क्रँकवरून क्लच-गिअरबॉक्सकडे जाते. त्या वाटेवर पट्टा येतच नाही. म्हणून चिप टाकल्यावर आधी रडतो तो क्लच, पट्टा नाही.

मग मजबूत पट्टा कधी लागतो? कडक स्प्रिंगा बसवल्या, जास्त उचल देणारा कॅम टाकला, इंजिन कंपनीच्या मर्यादेपेक्षा जास्त आरपीएमला पळवलं, तर. म्हणजे रेसच्या गाडीला. दुसरी गोष्ट, काही इंजिनांत हाच पट्टा डिझेलचा हाय-प्रेशर पंपही ओढतो. डस्टरचं 1.5 डिझेल तसलं आहे. तिथे रेल प्रेशर वाढवणारा डबा लावला तर पट्ट्यावर खरंच जास्त भार येतो. 2.5 इनोव्हात पंप गिअरवर फिरतो, पट्टा फक्त कॅम फिरवतो. तेव्हा डस्टरवाल्याचा सल्ला इनोव्हावाल्याने जशास तसा घेऊ नये. आणि क्रिस्टा 2.4 किंवा स्विफ्टच्या 1.3 डिझेलला तर पट्टाच नाही, चेन आहे. आधी आपल्या गाडीत काय आहे ते बघा!

खरं म्हणजे पट्टे ताकद कमी पडल्यामुळे फार कमी तुटतात. ते तुटतात वयामुळे, उष्णतेमुळे, तेलामुळे. कॅमचं किंवा क्रँकचं सील गळायला लागलं की तेल रबर खातं. टेन्शनरचं बेरिंग जाम झालं की नवा कोरा पट्टासुद्धा कडेने झिजतो नाहीतर दात सोडतो. आपल्या मे महिन्यातल्या उन्हात, एसी चालू ठेवून, सात-आठ माणसं भरून गाडी पळते तेव्हा बॉनेटखाली काय भट्टी असते ते ड्रायव्हरला विचारा. तिथे जुनं बेरिंग ठेवून वरून केव्हलर बसवणं म्हणजे कुजलेल्या मेढीला नवा दोर बांधणं.

आणि पट्टा तुटला की? हे इंजिन असं आहे की पिस्टन वर येतो आणि उघड्या वॉल्व्हला धडकतो. वॉल्व्ह वाकतात, हेड उतरवावं लागतं. खर्च मालकाचा. पण रात्री दोन वाजता आडरानात बंद पडलेल्या गाडीत पेशंट कोणाचा असतो? आपला.

आता खरी दुखरी नस. या इनोव्हाच्या डॅशबोर्डवर टी-बेल्टचा दिवा असतो. तो किलोमीटरवर चालतो. मीटर मागे फिरवून विकलेल्या गाडीत तो दिवा कसला भरवसा देणार? म्हणून सेकंडहँड गाडी घेतली की पहिल्या आठवड्यात पट्टा बदला, विकणारा काहीही सांगो. नंतर आपल्याकडचे चांगले मिस्त्री लाख किलोमीटरच्या आसपास बदलायला सांगतात, ते ऐका. गाडी कमी चालली तरी वर्षं मोजा, कारण रबर उभ्या उभ्याही म्हातारं होतं.

बदलताना नुसता पट्टा नको. पट्टा, टेन्शनर, आयडलर बेरिंग, गळकी सीलं, सगळं एकदम. वॉटर पंप याच पट्ट्यावर असेल तर तोही. खुणा जुळवल्यावर इंजिन हाताने दोन फेरे फिरवून खुणा परत तपासायला लावा. पक्कं बिल घ्या, खोकं आणि जुना पट्टा मागून घ्या. डुप्लिकेट मालाचा धंदा आपण बिल मागत नाही म्हणूनच चालतो.

चिपबद्दलही बोलतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीवरच्या तपशिलात फरक पडेल असा बदल चालत नाही. 2019 च्या दुरुस्तीने प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीची तरतूद आली. चिप त्यात बसते की नाही, हे वकील बघतील. पण न कळवलेला बदल सापडला की विमा कंपनीला क्लेम अडवायला आयतं कारण मिळतं. स्वतःच्या गाडीत काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. भाड्याच्या गाडीत चिप नकोच, हे माझं स्पष्ट मत.

पासिंगला ब्रेक, लाइट, धूर बघतात. कव्हर उघडून पट्टा कोणी बघत नाही. म्हणून ट्रॅव्हल्सवाल्या भावांना एक विनंती : पट्टा बदलल्याची तारीख आणि किलोमीटर लिहून बॉनेटच्या आत एक स्टिकर लावा. खर्च दहा रुपये. आणि आपण गिऱ्हाइकांनी भाडं ठरवताना “एसी आहे ना?” याच्यासोबत “पट्टा कधी बदलला?” एवढं विचारायला सुरुवात करू.

गाडीवाले, मिस्त्री, ड्रायव्हर, तुमचा अनुभव काय सांगतो? खाली लिहा. माझं पटत नसेल तर तेही लिहा.

#धर्माबाद #नांदेड