खुन्यास फाशी हवी की जन्मठेप?



आपल्यापैकी कोणाचा खून पडला की मोर्चा निघतो आणि त्या मोर्चातील पहिली घोषणा बहुधा एकच असते : ‘खुन्यांना फाशी द्या!’ ही घोषणा देणाऱ्यांचा संताप खोटा नाही. शतकानुशतके ज्यांच्या जिवाला किंमत नव्हती, त्यांनी आपल्या जिवाची पुरेपूर किंमत मागावी, यात वावगे ते काय? परंतु संताप कितीही न्याय्य असला, तरी मागणी मात्र विचारपूर्वक केली पाहिजे. न्यायालयांची निकालपत्रे वर्षानुवर्षे वाचल्यानंतर माझे असे ठाम मत झाले आहे की, फाशीच्या मागणीत आपली खरी मागणी हरवून जाते. ती खरी मागणी कोणती, हे आपणांपुढे मांडण्यासाठी हा लेखप्रपंच.

खैरलांजीचेच उदाहरण घ्या. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील या गावी सुरेखा भोतमांगे, त्यांची कन्या प्रियंका आणि रोशन व सुधीर हे पुत्र, अशा चौघांना जमावाने ठार मारले. कुटुंबातील भैयालाल तेवढे वाचले. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवून सहांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली. फाशी झाली, आता आणखी काय हवे, असे कित्येकांना वाटले. परंतु त्याच निकालात, हा गुन्हा जातीमुळे घडला ही गोष्ट न्यायालयाने मान्य केली नव्हती. अॅट्रॉसिटी कायद्याखालील आरोप टिकले नाहीत. पुढे जुलै २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आठही जणांस २५ वर्षांची सक्तमजुरी दिली आणि खुनांमागील हेतू सूडाचा होता, जातीचा नव्हे, असे ठरविले. जानेवारी २०१७ मध्ये भैयालाल भोतमांगे वारले.

आता आपणच आपल्या मनाला विचारा. या खटल्यात आपण काय गमावले? फाशीचा दोर? छे! आपण गमावला तो ‘हा जातीचा गुन्हा आहे’ हा न्यायालयाचा शब्द. सहा गळ्यांभोवती दोर दिसू लागला आणि निकालपत्रातून जात नाहीशी झाली, इकडे पुष्कळांचे लक्षही गेले नाही. फाशीने माणूस मरतो. त्याला खुनी बनविणारी जात मरत नाही. जातीला जातीच्या नावाने दोषी ठरविले, तरच तिला धक्का बसतो.

बिहारमधील लक्ष्मणपूर बाथेची हकीकत याहून कडू आहे. १ डिसेंबर १९९७ रोजी तेथे ५८ माणसांची कत्तल झाली. २०१० साली पाटण्याच्या न्यायालयाने १६ जणांना फाशी आणि १० जणांना जन्मठेप दिली. २०१३ साली पाटणा उच्च न्यायालयाने या सर्व २६ जणांना निर्दोष सोडले. पुरावा कच्चा राहिला तर फाशीचा हुकूम हा कागदाचा तुकडा ठरतो, हा त्यातील धडा आहे.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहा. हा दोर कोणाच्या गळ्यात पडतो? दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने फाशीच्या कैद्यांची पाहणी करून २०१६ साली अहवाल प्रसिद्ध केला. त्या कैद्यांपैकी सुमारे ७४ टक्के आर्थिकदृष्ट्या दुर्बल होते आणि सुमारे ७६ टक्के मागासवर्गीय वा धार्मिक अल्पसंख्याक होते. महाराष्ट्रातील २००३ सालच्या एका खून खटल्यात भटक्या जमातीच्या सहा गरीब माणसांना २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने फाशी कायम केली. त्यांपैकी तिघांना तर उच्च न्यायालयाने जन्मठेपेवर आणले होते. त्यांनाही पुन्हा फाशी सुनावली गेली. मार्च २०१९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने फेरविचार करून सहाही जणांना निर्दोष ठरविले. सोळा वर्षे ते तुरुंगात होते. मध्यंतरी दोर ओढला गेला असता, तर तो निकाल कोणाला वाचून दाखवायचा होता? आज आपण ज्या दोराचा जयजयकार करतो, तो उद्या आपल्याच वस्तीत येतो, हे विसरू नका.

बाबासाहेबांचे मत या बाबतीत स्पष्ट होते. ३ जून १९४९ रोजी घटना समितीत फाशीच्या खटल्यांतील अपिलांचा प्रश्न निघाला, तेव्हा त्यांनी सांगितले की, देहान्ताची शिक्षाच रद्द करणे आपल्याला अधिक पसंत पडेल. कारण हा देश अहिंसेला नैतिक आदेश मानत आला आहे. धम्मदीक्षेच्या सात वर्षे आधीचे हे उद्गार आहेत.

कोणी म्हणेल, ‘खुन्यांसाठी करुणा आणि मेलेल्यांसाठी काय?’ हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर अंगुलिमालाच्या कथेत आहे. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात ती सांगितली आहे. तथागतांनी त्या खुन्याला संघात घेतले. कोसलाच्या राजालाही त्याला मारण्याचे कारण उरले नाही. परंतु पुढे भिक्षेसाठी फिरताना लोकांनी त्याला दगडांनी रक्तबंबाळ केले, तेव्हा तथागतांनी त्याला काय सांगितले? हे तुझ्याच कर्माचे फळ आहे, ते सहन कर. करुणा म्हणजे माफी नव्हे. मनुष्य जिवंत ठेवावा; परंतु त्याच्या कृत्याचे ओझे त्याच्याच खांद्यावर राहू द्यावे.

म्हणून जन्मठेप ही खरोखरीची जन्मठेप असली पाहिजे. चौदा वर्षे झाली की कैदी आपोआप सुटतो, हा समज चुकीचा आहे. खुनासारख्या गुन्ह्यातील जन्मठेपेच्या कैद्याला निदान चौदा वर्षे भोगल्याविना सोडता येत नाही, एवढाच त्या नियमाचा अर्थ. सुटका हा त्याचा हक्क नव्हे. २००८ आणि २०१५ च्या निर्णयांनी सर्वोच्च न्यायालयाने वीस, पंचवीस, तीस वर्षे किंवा मरेपर्यंत कैद, सूट न देता, ठरविण्याचा मार्गही मोकळा केला आहे. गुजरातेतील बिल्किस बानो खटल्यातील अकरा कैद्यांना १५ ऑगस्ट २०२२ रोजी सोडण्यात आले. त्या बाईंनी दाद मागितली आणि ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द केली. पीडिताने जागे राहावे लागते, ते असे.

तेव्हा घोषणेपेक्षा पुढील गोष्टी आपण ध्यानात ठेवाव्यात. प्रथम, फिर्यादीत अॅट्रॉसिटी कायद्याची कलमे नोंदवून घ्या. ‘तुम्ही बौद्ध झालात, आता हा कायदा तुम्हाला लागू नाही’ असे कोणी ठाण्यात सांगितले, तर ते मानू नका. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना तो हक्क दिला आहे. दुसरे, खुनाच्या बाबतीत या कायद्याचे स्वरूप २०१६ पासून बदलले आहे. पूर्वी गुन्हा जातीच्याच कारणाने घडला हे सिद्ध करावे लागे. आता मृताची जात आरोपीला ठाऊक होती, एवढे पुरते, आणि शिक्षा आहे ती जन्मठेपेची. खैरलांजीत जी खिंड अडली, ती आज बरीचशी मोकळी झाली आहे. तिसरे, आरोपीचा जामीन, शिक्षा, पॅरोल यांच्या प्रत्येक सुनावणीत आपले म्हणणे ऐकले जावे, हा पीडिताचा हक्क याच कायद्याच्या १५-अ कलमाने दिला आहे. तो वापरा. चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे : साक्षीदाराच्या पाठीशी उभे राहा. मोर्चा एका दिवसाचा असतो. साक्षीदाराला त्याच गावात, त्याच शेजाऱ्यांत वर्षानुवर्षे राहावे लागते. तो फुटला की खटला फुटला.

बंधूंनो, भगिनींनो, आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या आहेत. त्यांत सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. हत्या सरकारच्या हातून करवून घ्यावी, अशी पळवाट तीत नाही. आपली मागणी अशी असू द्या : गुन्ह्याचा तपास वेळेवर व्हावा, जातीचे नाव निकालपत्रात यावे आणि दोषी जन्मभर तुरुंगात राहावा. ही मागणी फाशीहून सौम्य नाही, ती अधिक कठीण आहे. म्हणूनच ती मागण्यासाठी घोषणेहून अधिक काही आपणांस करावे लागेल.

जयभीम!