पहिल्या लिपीतला ‘आय’



गेल्या रविवारी विहारातल्या अभ्यासिकेत एक मुलगी नोकरीचा अर्ज दाखवायला घेऊन आली. बी.ए. झालेली, वडील बाजारात हमाली करतात. अर्ज इंग्रजीत, हाताने लिहिलेला. अक्षर मोत्यासारखे. पण वाचता वाचता आम्ही थबकलो. त्या एका पानात ‘सर’ हा शब्द सहा वेळा आला होता आणि सहाही वेळा त्याची तिन्ही अक्षरे मोठी होती. ‘मी’ या अर्थाचा ‘आय’ नऊ वेळा आला होता आणि नऊही वेळा लहान!

“काका, काही चुकलं का?” तिने विचारले.

“बाळ, साहेबाला तू डोंगराएवढा केलास आणि स्वतःला मुंगीएवढी,” आम्ही म्हणालो.

ती हसली. म्हणाली, “मोबाईलवर तो आपोआप मोठा होतो. कागदावर लक्षातच येत नाही.”

तिचे म्हणणे खरे आहे. मोबाईल आपल्या चुका झाकतो. पण परीक्षेच्या दालनात मोबाईल बाहेर ठेवावा लागतो आणि तिथे आपण आणि आपले पेन दोघेच उरतो. आम्ही कारकुनी करणारी माणसे, अर्जांच्या गठ्ठ्यात आयुष्य चाललेले. अर्ज वाचणारा माणूस मजकुराकडे वळण्याआधी त्याच्या नजरेत अशा चुका भरतात, हे आम्ही रोज पाहतो. हुशार मुलगा केवळ तेवढ्याने कच्चा ठरतो. म्हणून या आठवड्याचे सदर इंग्रजीतील मोठ्या अक्षरांना आणि विरामचिन्हांना दिले आहे.

प्रथम एक गोष्ट मनातून काढून टाका. ही चूक होते म्हणजे आपण मठ्ठ आहोत असे नाही. आपल्या देवनागरीत अक्षर लहान-मोठे नसतेच. ‘भीमराव’ लिहिताना ‘भ’ जेवढा, तेवढाच ‘भाकरी’ लिहिताना. जुन्या मोडी कागदांत तर शब्दही तोडत नसत, ओळ सलग चाले. मराठीत विरामचिन्हे रूढ केली ती एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी या इंग्रज गृहस्थाने. म्हणजे हा सारा पाहुणा माल आहे. पाहुण्याची रीत समजून घेतली की भीती उरत नाही.

शाळेत आपण ‘पहिली लिपी’ आणि ‘दुसरी लिपी’ शिकलो. पहिली म्हणजे मोठी अक्षरे, दुसरी म्हणजे लहान. पहिली लिपी कुठे वापरायची? आपल्या लोकांचा समज असा की, ज्याला मान द्यायचा त्याला मोठे अक्षर. हा समज साफ चुकीचा आहे. इंग्रजीत मोठे अक्षर मानाला नाही, नावाला आणि सुरुवातीला मिळते. वाक्याचा पहिला शब्द मोठ्या अक्षराने सुरू होतो, मग तो शब्द कितीही सामान्य असो. विशेषनाम मोठ्या अक्षराने सुरू होते, मग ते नाव जिल्हाधिकाऱ्याचे असो की चोराचे. माणूस, गाव, नदी, देश, भाषा, धर्म, वार, महिना, सण ही सगळी विशेषनामे. ‘मंडे’ आणि ‘ऑक्टोबर’ यांचे पहिले अक्षर मोठे, पण ‘समर’ म्हणजे उन्हाळा लहान. ‘मराठी’, ‘पाली’, ‘इंग्लिश’ मोठ्याने, पण ‘मॅथेमॅटिक्स’ लहानाने. ‘सर’ची तिन्ही अक्षरे मोठी करण्याचे कारणच नाही. ‘डिअर सर’मध्ये ‘डी’ आणि ‘एस’ मोठे, बस्स.

आता ‘आय’. ‘मी’ या अर्थाचा ‘आय’ वाक्यात कुठेही येवो, तो मोठाच. जुन्या हस्तलिखितांत एकटे उभे असलेले लहान ‘आय’ ओळीत हरवून जाई, म्हणून ते मोठे लिहू लागले, असे जाणकार सांगतात. एकटा आणि लहान असला की हरवतो, हे आपल्याला कोणी वेगळे शिकवायला नको! गंमत अशी की साहेबाने लिहिला तरी ‘आय’ तेवढाच आणि शिपायाने लिहिला तरी तेवढाच. समोरच्यालाही ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ अशी उतरंड नाही, सर्वांना एकच ‘यू’. मग ज्या भाषेने आपल्याला मोठे अक्षर दिले आहे, तिथे आपण आपल्या हाताने लहान का व्हावे?

त्याच अर्जात दुसरी चूक अधिक गंभीर होती. ‘बुद्धिस्ट’मधला ‘बी’ लहान होता. धर्माचे नाव हे विशेषनाम, ते मोठ्या अक्षरानेच सुरू होते. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशात प्रामुख्याने हिंदू धर्माचाच उल्लेख होता. १९५६ मध्ये शीख सरसकट आला आणि १९९० मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्ध आला. त्या एका शब्दासाठी आपल्या माणसांनी किती मोर्चे काढले, किती निवेदने दिली, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. आज त्या तरतुदीत हिंदू, शीख आणि बौद्ध ही तिन्ही नावे एकाच ओळीत मोठ्या अक्षरांनी छापलेली आहेत. कायद्याने ‘बी’ मोठा केला आणि आपणच अर्जात तो लहान लिहिणार?

विरामचिन्हांकडे वळू. आपल्या मुलांच्या अर्जात सर्वात मोठा दोष स्वल्पविरामाचा. माझे वडील मजूर आहेत, स्वल्पविराम, घरची परिस्थिती गरिबीची आहे, स्वल्पविराम, मला टायपिंग येते, स्वल्पविराम, अशी पानभर आगगाडी चालते आणि स्टेशन काही येत नाही. साधा उपाय सांगतो. वाक्य मोठ्याने वाचा. बोलणे पुरे झाले, पूर्णविराम द्या. पुढचे वाक्य मोठ्या अक्षराने सुरू करा. लहान लहान वाक्ये लिहिण्यात कमीपणा नाही.

दुसरे, टंकलेखन करताना स्वल्पविराम आणि पूर्णविराम यांच्या आधी जागा सोडू नये, नंतर सोडावी. तिसरे, डोक्यावरचा स्वल्पविराम, ज्याला इंग्रजीत अपॉस्ट्रॉफी म्हणतात. ‘बॉईज होस्टेल’च्या पाटीवर ही खूण ‘एस’च्या आधी दिली, तर ते वसतिगृह एकाच मुलाचे होते. अनेकांचे असेल तर खूण ‘एस’च्या नंतर हवी. अशी एका मुलाची वसतिगृहे आम्ही बरीच पाहिली आहेत! चौथे, अर्जाचा शेवट. ‘युवर्स फेथफुली’मध्ये ‘वाय’ मोठा, ‘एफ’ लहान, ‘युवर्स’मध्ये अपॉस्ट्रॉफी मुळीच नाही आणि शेवटी स्वल्पविराम.

ही चिन्हे किती कामाची, हे पाहायचे असेल तर घरातली संविधानाची उद्देशिका इंग्रजीत काढा. संपूर्ण उद्देशिका म्हणजे एकच वाक्य आहे आणि पूर्णविराम एकच, अगदी शेवटी. तरीही वाचणारा कुठे अडखळत नाही. कारण न्याय, स्वातंत्र्य, समता यांच्या प्रत्येक कलमानंतर अर्धविराम उभा आहे. ही चार पायऱ्यांची वाट आहे, एकेका पायरीवर थांबून पुढे जा, असेच जणू तो सांगतो. न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता हे चारही शब्द पूर्णपणे पहिल्या लिपीत आहेत. आणि सुरुवात? सुरुवात ‘आम्ही’ने. तो शब्दही मोठ्या अक्षरांत, पुढे स्वल्पविराम, मग भारताचे लोक. तिथे राजाचे नाव नाही, देवाचे नाही. मसुदा समितीचे अध्यक्ष बाबासाहेब होते. तो कागद भिंतीवर लावण्यापुरता ठेवू नका, त्यावर मुलांचे बोट फिरवा.

बाबासाहेबांचे इंग्रजी जगाने वाखाणले, पण ते काही आभाळातून पडले नव्हते. सुभेदार रामजीबाबा लष्करी शाळेत हेडमास्तर होते. त्यांनी मुलाकडून तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोटून घेतली. घरात पैसा कमी होता, पण बापाने मुलाच्या वहीवरून नजर हटू दिली नाही. आपल्यापैकी पुष्कळ आईबापांना इंग्रजी येत नाही, हे आम्ही जाणतो. पण “मोठं अक्षर कुठं दिलंस, दाखव,” एवढे विचारायला इंग्रजी यावे लागत नाही.

म्हणून या आठवड्याचा गृहपाठ सर्व कुटुंबासाठी. रविवारी वंदना झाल्यावर मुलांनी कोऱ्या कागदावर इंग्रजीत पाच ओळी लिहाव्यात. माझे नाव, माझे गाव, माझी भाषा, माझा धर्म, माझी जन्मतारीख. नाव लिहिताना आईचेही नाव लिहा. १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या बालकांसाठी महाराष्ट्र शासनाने तोच क्रम ठरवला आहे. बाळाचे नाव, आईचे, वडिलांचे, मग आडनाव. चार शब्द, चार मोठी अक्षरे. आयुष्यभर दुसऱ्यांची धुणीभांडी केलेल्या आईचे नावही कागदावर मोठ्या अक्षराने सुरू होते, हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी पाहू द्या. मग कागद घरातल्या थोरल्या मुलाने किंवा मुलीने तपासावा आणि चुकलेली ओळ पुन्हा लिहून घ्यावी. रागावू नये.

त्या मुलीने तिथेच चटईवर बसून अर्ज दुसऱ्यांदा लिहिला. नऊ ठिकाणी ‘आय’ मोठा झाला, ‘बी’ मोठा झाला, ‘सर’ आपल्या मापात आला. नोकरी लागेल की नाही, ते आमच्या हाती नाही. पण अर्जाखाली सही करताना या खेपेला तिने पेन जरा दाबून धरले होते, एवढे आम्ही पाहिले.

जयभीम! नमो बुद्धाय!