होय, मला कवळी आहे

वय ३९. वरचे सगळे दात खोटे. झालं, सांगून टाकलं एकदाचं!

हे सांगायला मला चार वर्षं लागली. त्या चार वर्षांत कवळीपेक्षाही जास्त त्रास दिला तो एका सल्ल्याने. डॉक्टर, सासूबाई, जिवाभावाची मैत्रीण, सगळ्यांनी अगदी मायेने दिलेला सल्ला: "कुणाला सांगू नकोस गं, कळणारसुद्धा नाही." आज मला त्या सल्ल्याशीच भांडायचंय.

माहेर माझं शिरूर तालुक्यातलं, सासर दौंडचं. पहिलीच्या वर्गाला शिकवते. तेराव्या वर्षी दाढ ठणकायला लागली तेव्हा आईने आपल्या डबीतली मशेरी माझ्या बोटावर दिली. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुस्करायची आणि हिरड्यांना लावायची. आमच्याकडे कितीतरी बायकांचं हेच मंजन आणि हेच औषध. ठणका थांबला, तलफ मात्र राहिली. डी.एड. झालं, नोकरी लागली, तरी डबी पर्समध्ये होतीच. तेहतिसाव्या वर्षी सोडली, पण तोवर हिरड्यांनी दात सोडले होते. पस्तिसाव्या वर्षी वरचे उरलेसुरले सगळे काढावे लागले.

"शिकलेली बाई आणि मशेरी?" हे किती जणांनी ऐकवलं! ऐकवणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला केंद्र सरकारने १९९२ साली बंदी केली. पण घरातल्या तव्यावर कोण बंदी घालणार? तंबाखू गल्लीतल्या दुकानात मिळत होती, दाताचा डॉक्टर मिळत नव्हता. आईला जे औषध म्हणून मिळालं, तेच तिने मला दिलं. चूक झाली, मान्य. पण ती आम्हा दोघींच्याच पदरात टाकून मोकळं होऊ नका.

आता त्या "कळणारसुद्धा नाही"कडे येते.

नवी कवळी बसवून आठवडा झाला होता. शिरूरच्या स्टँडवरून एसटीत बसले. कंडक्टरने विचारलं, "कुठं?" मला "दौंड" म्हणता येईना. त, थ, द, ध, न ही दंत्य अक्षरं, जीभ वरच्या दातांना टेकते तेव्हाच ती नीट उमटतात. पोरांना वर्षानुवर्षं गिरवायला लावली, पण त्या दिवशी माझी मलाच भेटली. तिसऱ्यांदा विचारल्यावर मी कागदावर लिहून दिलं आणि घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. पुढे रोज आरशासमोर मोठ्याने वाचून जीभ सरावली. पण तोवर शाळेत घसा बसल्याचं सोंग करावं लागलं.

एकदा लपवायचं ठरवलं की सोंगं वाढतच जातात. हसताना तोंडावर पदर. लग्नात "घरून जेवून आलेय". माहेरी सगळ्या पोरी दातांनी ऊस सोलून खात होत्या, तेव्हा मी म्हणाले, "मला शुगर निघालीय." बघा म्हणजे! नसलेला मधुमेह सांगायला लाज वाटली नाही, असलेली कवळी सांगायला वाटली.

नवऱ्याला माहीत होतं, तरी त्याने बघू नये म्हणून रात्रीही कवळी काढेना. कवळी रात्री काढून पाण्यात ठेवायची असते, हिरड्यांना विसावा लागतो. मी तो दिला नाही. टाळू लालभडक झाला, आग व्हायला लागली. दात काढले की जबड्याचं हाड हळूहळू झिजतं, कवळी सैल होते, आतून पुन्हा भरून घ्यावी लागते. तेही मी वर्षभर टाळलं, का तर दवाखान्याच्या पायरीवर कुणी बघेल!

आणि सर्वांत वाईट म्हणजे मला रडताच आलं नाही. आपल्या शरीराचा एक भाग भर तारुण्यात गेला, त्याचं दुःख करायचं कसं? काही झालंच नाही असं दाखवायचं होतं ना!

काहीजण म्हणतील, ही खाजगी बाब, गावभर कशाला करायची? नका करू. पण खाजगी असणं वेगळं आणि चोरून राहणं वेगळं. डोळे अधू झाले की आपण चष्मा लावून खुशाल हिंडतो. मग दातांनीच काय घोडं मारलंय? नाटकात, विनोदांत कवळी पडते ती म्हाताऱ्याची, आणि आपण हसतो. म्हणून पस्तिशीतल्या बाईला वाटतं, आपल्यालाही हसतील.

गेल्या वर्षी वर्गातल्या एका पोराचे पुढचे दोन दात पडले. बाकीची चिडवायची, म्हणून तो वाचायला उभाच राहीना. माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, माझे तर वरचे सगळेच पडलेत. हे बसवलेले आहेत."

वर्ग चिडीचूप. मग एक जण म्हणाला, "बाई, काढून दाखवा ना!"

दाखवले नाहीत. पण तो पोरगा उठला आणि वाचला.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. आभाळ काही कोसळलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर एका पोराची आई फाटकापाशी थांबली होती. तोंडावर पदर. हळूच म्हणाली, "बाई, डॉक्टर कोणता तुमचा?"

तिशीचीही नसेल ती.