आकडे वाढले, गुन्हे वाढले काय?

दिल्लीत २०१२ साली बलात्काराचे ७०६ गुन्हे नोंदले गेले. २०१३ साली हाच आकडा १,६३६ झाला. एका वर्षात राजधानी दुपटीहून अधिक असुरक्षित झाली, असा निष्कर्ष यावरून काढणे सोपे. परंतु तो फसवा आहे. डिसेंबर २०१२ मधील अमानुष प्रकाराने जनक्षोभ उसळला. पुढल्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन बलात्काराची व्याख्या व्यापक झाली आणि अशी फिर्याद नोंदवून न घेणारा पोलीस स्वतःच शिक्षेस पात्र ठरला. ज्या स्त्रीला पूर्वी ठाण्याच्या दारातूनच परत पाठवले जाई, तिचे म्हणणे कागदावर येऊ लागले. वाढ झाली ती बव्हंशी नोंदींची. गुन्हे वाढणे आणि नोंदी वाढणे या भिन्न गोष्टी होत, असा इशारा राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागानेही आपल्या अहवालांत दिला आहे.

तरीही अहवाल येताच शहरांची क्रमवारी लागते व कमी आकड्याचे शहर सुरक्षित म्हणून मिरवते. ज्या अधिकाऱ्याची कर्तबगारी आकडा घटण्यावर मोजली जाते, तो फिर्याद लिहून घेण्यास उत्सुक कशाला असेल?

भीतीचेही तसेच. मुलीने सातच्या आत घरात यावे म्हणून धास्तावणारे पालक रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला भितात; वस्तुतः याच विभागाच्या आकडेवारीनुसार नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. आप्त, शेजारी, मित्र, मालक. रस्त्यांवर दिवे आणि कॅमेरे लागावेत, यात वाद नाही. परंतु आप्ताविरुद्ध तक्रार घेऊन आलेल्या मुलीला ठाणे अंमलदार बसवून घेतो, की ‘घरातले घरातच मिटवा’ म्हणून वाटेला लावतो, हे कोणताही कॅमेरा टिपत नाही.