नवागामच्या बायकांची फिल्म कोण काढणार?

ॲनिमेशन म्हणजे पोरांना जेवू घालताना लावून द्यायची गोष्ट, हा आपल्याकडचा पक्का समज. गीतांजली राव यांची ‘प्रिंटेड रेनबो’ पाहिली की तो टिकत नाही. ही जेमतेम १५ मिनिटांची फिल्म. २००६ साली कान महोत्सवाच्या क्रिटिक्स वीकमध्ये तिने तीन पुरस्कार मिळवले. इमारतीतल्या एका घरात एक म्हातारी आणि तिचं मांजर. घर, खिडकी, रस्ता, सगळं करडं. पण म्हातारीकडे काडेपेट्यांचा साठा आहे. एकेक पेटी हातात घेतली की ती वरच्या छापील चित्रात शिरते, आणि तिथे रंगच रंग. रावांनी ही फिल्म जवळजवळ एकहाती रंगवली. पडद्यावरच्या एका सेकंदाला २४ चौकटी लागतात; एक चित्र दोन चौकटींना पुरवलं तरी १२ चित्रं झाली. एका बाईचं एकटेपण सांगायला कुणी एवढं बसावं, याचंच मला फार मोल वाटतं.

म्हातारी चित्रात शिरते, तेव्हा फिल्म तिला वेडी ठरवत नाही. तिच्या मनातलं जग खिडकीबाहेरच्या रस्त्याइतकंच खरं धरते.

खानदेशातून येऊन सुरतच्या नवागाम-डिंडोलीत राहिलेल्या आपल्यासारख्यांना हे जवळचं वाटायला हवं. घरात अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात गुजराती, मिलमध्ये हिंदी. दिवसभरात माणूस किती वेळा बदलतो! ‘तुम्ही कुठले?’ म्हटलं की नंदुरबार सांगावं की सुरत, हे चटकन सुचत नाही. नेहमीच्या सिनेमात ही घालमेल पात्राला बोलून दाखवावी लागते. रेषेत माणूस बोलता बोलता रंग बदलू शकतो, अर्धा गावी राहू शकतो.

आणि आपली गोष्ट अशी कशी सांगावी, याचा धडा गुजरातेतच आहे. नीना सबनानी यांची ‘टांको बोले छे’ ही २००९ ची फिल्म. १९७१ च्या युद्धानंतर सीमेपलीकडून कच्छात आलेल्या कुटुंबांतल्या कारागीर बाया आपली हकिगत स्वतः सांगतात, आणि कापडाचे तुकडे जोडून त्यांनी शिवलेली माणसं, घरं, वाटा पडद्यावर चालू लागतात.

सुरतेत किती बाया घरी बसून साड्यांचे धागे कापतात, खडे चिकटवतात! त्यातलीच एक धागा ओढतेय, तो संपतच नाही, उधन्याहून तापी लाइनीने थेट माहेरच्या ओसरीपर्यंत जातोय, अशी फिल्म इथल्याच कुणी मुलीने काढावी असं मला मनापासून वाटतं. बडोद्याच्या कलाभवनात शिकलेल्या, गोध्र्यात फोटोग्राफी केलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्ये नुसत्या काड्या सरकवून ‘आगकाड्यांची मौज’ केली होती. आज हातात मोबाइल आहे आणि चिंध्यांना इथे तोटा नाही.

महापालिकेच्या मराठी शाळांनी चित्रकलेच्या तासाला हे करून पाहावं. गणेश मंडळांनी आरतीनंतर १५ मिनिटं पडदा लावावा. लोक उठून जातील म्हणाल, तर काही जातीलही. म्हणून सुरुवात ‘टांको’पासून करा. त्यातलं सुई-दोऱ्याचं काम पुढच्या रांगेतल्या बायांच्या ओळखीचं आहे, त्या बसतील.