जाहीर झालेले पैसे आणि हक्काचे पैसे

१९४४ सालच्या १४ एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाला आग लागली. पोटात कापसाच्या गाठी आणि त्यांच्याच जोडीला दारूगोळा. वर्दी मिळाली, बंब धावले, आणि दोन स्फोटांत अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. हा दिवस म्हणून अग्निशमन सेवा दिन. दरवर्षी संचलन होतं, पुष्पचक्र वाहिलं जातं. या सोहळ्यांबद्दल माझी तक्रार नाही. गेलेल्याच्या घरी पुढच्या महिन्यात दूधवाल्याचं बिल कोण देतं, हा माझा प्रश्न आहे.

काळबादेवीच्या गोकुळ निवासची आग मुंबईकर विसरलेले नसतील. मे २०१५. सुनील नेसरीकर, सुधीर अमीन, संजय राणे, महेंद्र देसाई असे दलाचे चार अनुभवी अधिकारी गेले; दोघे तिथेच, दोघे नंतर रुग्णालयात. अशा वेळी नेते येतात आणि मदतीचा आकडा जाहीर होतो. ती रक्कम सानुग्रह, म्हणजे देणाऱ्याच्या मर्जीची. आज दहा लाख, उद्या पंचवीस. कॅमेरे किती आले यावरही ते ठरत असावं, असा माझा जुना संशय आहे. कायद्याने जे मिळायला हवं ते वेगळं, आणि त्याबद्दल त्या गर्दीत कुणीच बोलत नाही.

हा कायदा १९२३ चा. आधी कामगार नुकसानभरपाई कायदा, पुढे कर्मचारी नुकसानभरपाई कायदा. त्याच्या अनुसूचीत फायर ब्रिगेडचा नावानिशी उल्लेख होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. मृत्यूच्या भरपाईचा हिशेब साधा: महिन्याच्या पगाराचा निम्मा भाग, गुणिले वयानुसार ठरलेला आकडा. तिशीत २०७.९८, पस्तिशीत १९७.०६, पन्नाशीत १५३.०९. माणूस जितका तरुण, तितका आकडा मोठा.

मेख पगारात आहे. जानेवारी २०२० पासून जुन्या कायद्याखाली पगार कितीही असो, धरायचा तो जास्तीत जास्त १५,००० रुपये. त्याआधीची दहा वर्षं तर ही मर्यादा ८,००० होती.

आमच्या ओळखीतल्या एका वहिनींचे यजमान एका कारखान्यात कंत्राटी फायरमन होते. पगार २४,०००, वय ३५. गोदामाच्या आगीत गेले तेव्हा जुनाच कायदा होता. दहाव्याच्या आतच ठेकेदार दोन लाखांचा धनादेश आणि स्टँप पेपर घेऊन घरी आला. ‘यापुढे कोणतीही मागणी नाही’ असं लिहिलेलं होतं. वहिनींनी सही केली. नंतर कागद घेऊन माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, सही तर झाली. आता काही होणार नाही ना?”

होणार होतं. अशी सही घेऊन कामगाराचा हक्क काढून घेता येत नाही. तसा करार कायद्यानेच रद्दबातल. शिवाय मृत्यूची भरपाई मालकाने परस्पर घरच्यांच्या हातात द्यायचीच नसते. जुन्या कायद्यात ती भरपाई आयुक्तांकडे जमा करायची, आणि विधवा, मुलं, विधवा आई यांच्यात वाटणी आयुक्त करत. परस्पर दिलेल्यातली फार तर तीन महिन्यांच्या पगाराएवढी उचल हिशेबात धरली जाते. वहिनींच्या बाबतीत निम्मे ७,५०० गुणिले १९७.०६, म्हणजे १४ लाख ७७ हजार ९५०. ठेकेदाराच्या दोन लाखांच्या सातपटीहून जास्त! ठेकेदाराने हात वर केले तर मूळ कारखान्यालाही सोडता येत नाही. एका महिन्यात पैसे भरले नाहीत तर बारा टक्के व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड. हे पैसे अपघाताच्या दिवसापासूनच देणं लागतात, असं सर्वोच्च न्यायालयाने सत्तरच्या दशकातच सांगून ठेवलंय.

पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल तर वाट निराळी. तिथे एकरकमी मिळत नाही. पगाराच्या नव्वद टक्के दराने महिन्याला पैसे येतात, विधवेचा हिस्सा तीन पंचमांश. ही वाट मला जास्त शहाणपणाची वाटते. एकरकमी पैशाला घरात फार वाटेकरी फुटतात.

सगळ्यात अडतं ते कारणावर. भिंत अंगावर पडली तर प्रश्न येत नाही. पण रात्रभर धुरात काम करून घरी आलेला माणूस पहाटे हृदयविकाराने गेला तर? मृत्यू ‘कामामुळे आणि कामाच्या ओघात’ झाला हे दाखवावं लागतं. मग स्टेशनच्या नोंदवहीतली त्या रात्रीची ओळ, सोबत्याचा जबाब, शवविच्छेदनाचा अहवाल यांना सोन्याचं मोल येतं, आणि नेमके हेच कागद मिळवायचं भान त्या आठवड्यात कुणाला नसतं. नव्या संहितेत घर ते कामाची जागा या वाटेवरचा अपघातही धरला जाईल, अशी तरतूद आहे. रात्री-अपरात्री बोलावणं येणाऱ्यांना तिचा उपयोग व्हावा.

अर्जाला मुदत दोन वर्षांची असते. वहिनींनी ती गाठली. वकिलाने सासूबाईंचं नाव अवलंबितांत न घालण्याचा सल्ला दिला होता, वाटा कमी होईल म्हणून. वहिनींनी नाव घातलं. ठेकेदाराच्या वकिलाने पहिल्याच तारखेला तो स्टँप पेपर पुढे केला, आणि आता सुनावणी त्याच कागदावर चालू आहे.