इंग्रजी जुंपून पाहा

देवणीचा बैल घेणारा शेतकरी नुसती शिंगे व रंग पाहून पैसे मोजीत नाही. वानेरा असो की शेवरा, तो त्याला जुंपून पाहतो. आपल्या मुलामुलींच्या इंग्रजीची परीक्षा मात्र आपण गुणपत्रिकेवरून करतो! २००० सालापासून राज्यातील शाळांत इंग्रजी पहिलीपासून आहे. दहा वर्षे शिकलेले पोर पुस्तक वाचते. पण चार वाक्ये बोल म्हटले की मान खाली घालते, अर्ज लिही म्हटले की दुसऱ्याचा उतरवून काढते.

ही उणीव लहान नव्हे. आपला मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. वरिष्ठ कचेरीची भाषा उर्दू. १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. ज्याला ती येत नसे, त्याने आपलाच कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा. आज तालुक्याच्या कचेरीत मराठी आली. परंतु जमिनीचा दावा उच्च न्यायालयात गेला की निकाल इंग्रजीत. शेत आपले, आणि त्याचा न्याय मात्र परक्याच्या तोंडून समजावा, हे कुठवर चालावयाचे?

जोतीराव फुल्यांनी हे ओळखले होते. १८७३ सालच्या ‘गुलामगिरी’चा मजकूर मराठी, पण तिला त्यांनी इंग्रजी प्रस्तावना जोडली. १८८२ साली हंटर आयोगापुढे रयतेच्या शिक्षणाचे गाऱ्हाणे त्यांनी इंग्रजीतच मांडले. घरच्यांना मराठीतून जागे करावे, सरकारला त्याच्या भाषेत जाब विचारावा, ही त्यांची रीत.

मग करावे काय? मराठीत क्रियापद शेवटी येते, इंग्रजीत मध्ये. ‘मी शेत नांगरले’ याचे ‘आय प्लाऊड द फील्ड’ होते. तो ‘द’ मराठीत नाहीच, म्हणून लिहिताना गळतो. हे पोराचे मठ्ठपण नव्हे; दोन भाषांची बांधणीच वेगळी. ती हातात बसण्यास सराव पाहिजे. गोठ्यात, शेतात, भात्यापाशी, मागावर आज काय काम झाले, त्याच्या रोज पाच ओळी लिहाव्या. गुरुजींकडून दुरुस्त करून घ्याव्या, पुन्हा लिहाव्या व मोठ्याने वाचाव्या. सायंकाळी दोघाचौघांनी घटकाभर इंग्रजीतच बोलावे. हसणारे हसोत, पहिले तास वाकडे गेले म्हणून कोणी नांगर टाकीत नाही.

आईबापांनो, तुम्हांस अक्षर येत नसले तरी ओळी मोजता येतात. आज रात्री भाकरीपूर्वी वही मागा, आणि पाच भरल्या की नाही ते पाहा.